इंजिन घेताना फक्त हॉर्स पॉवर विचारू नका



बंदीचा काळ चालू आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट जाळं पाण्यात टाकायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या दोन महिन्यांत आपण नावा काठावर काढतो, फळ्या बदलतो, डांबर लावतो, जाळी दुरुस्त करतो. गेल्या दोन-तीन वर्षांपासून याच दिवसांत आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे नावेला जुन्या गाडीचं इंजिन बसवायचा. सिंधीपुऱ्यातल्या ऑफिसात कोणी ना कोणी मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "भाऊ, मारुतीचं इंजिन मिळतंय, सदतीस हॉर्सचं. केळीवाल्यांचं पंपाचं इंजिन तर पाचच हॉर्सचं असतं. मग हे सातपट भारी झालं ना? घेऊन टाकू का?"

आमचं उत्तर सरळ आहे. सातपट भारी होत नाही. आणि नुसता हॉर्सचा आकडा बघून इंजिन घेऊ नका.

हे आम्ही शहाणपण सांगायला लिहीत नाही. चूक आमच्याच हातून झालेली आहे. आपल्या एका सभासदाने जुन्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने कमिटीला विचारलं होतं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. कोणी टॉर्क विचारला नाही, गिअर कसा बसणार ते विचारलं नाही, पाणी थंड कसं होणार ते विचारलं नाही. पहिल्या दिवशी राजघाटावर बघायला गर्दी जमली, पोरांनी व्हिडिओ काढले. तिसऱ्या महिन्यात रात्रीच्या वेळी इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं. बाप-लेक दोघं जड नाव वल्ह्यांनी ओढत पहाटे काठाला लागले. इंजिन भंगारात गेलं. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. त्या घरातली आई आम्हाला एवढंच म्हणाली, "तुम्ही तर शिकलेले होते ना?" म्हणून यंदा बंदी उठायच्या आत हे लिहून टाकतोय.

टॉर्क म्हणजे काय, हॉर्स पॉवर म्हणजे काय

नट खोलताना पाना लांब असला की कमी जोर लागतो. शाफ्टला पिळ द्यायचा तो जो जोर, तो टॉर्क. तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. तो जोर एका मिनिटात किती वेळा फिरला, म्हणजे किती आरपीएमला मिळाला, त्यावरून हॉर्स पॉवर निघते. हिशेब साधा आहे. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७००० ने भागा. जवळपास हॉर्स पॉवर येते. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरवर कोणीही करून बघावं.

आता याचा अर्थ बघा. हॉर्सचा आकडा दोन प्रकारे मोठा होतो. एक तर टॉर्क मोठा असेल, नाहीतर इंजिन फार जोरात फिरत असेल. गाडीच्या जाहिरातीत जो आकडा छापतात तो इंजिन सगळ्यात जास्त फिरत असतानाचा असतो.

याचं उत्तम उदाहरण टाटाकडेच आहे. इंडिका डिझेलचं इंजिन १४०५ सीसी, चार सिलिंडर. तेच अर्धं करून छोटा हत्ती, म्हणजे टाटा एसचं पहिलं इंजिन तयार झालं. ७०२ सीसी, दोन सिलिंडर. इंडिकाचा टॉर्क ८५ च्या आसपास, छोट्या हत्तीचा ३८ च्या आसपास. म्हणजे जवळपास निम्मा, हे बरोबरच आहे. पण हॉर्स पॉवर? इंडिकाचे ५३, छोट्या हत्तीचे फक्त १६. इंजिन निम्मं झालं तर हॉर्स तिसऱ्या हिश्श्यावर का आले? कारण इंडिका ५००० आरपीएमला मोजली आहे आणि छोटा हत्ती ३२०० ला. माल ओढणाऱ्या गाडीला कंपनीने मुद्दाम कमी आरपीएमवर ठेवलं. ओझं ओढायचं तर हळू फिरणारं इंजिन टिकतं, हे कंपनीला माहीत आहे. आपली नावसुद्धा ओझ्याचीच गाडी आहे.

आपल्याकडे जी जुनी इंजिनं मिळतात त्यांचा हिशेब

खालचे आकडे कंपनीच्या नव्या इंजिनाचे आणि अंदाजे आहेत. मॉडेल बदललं की थोडे मागेपुढे होतात. जुनं, घासलेलं इंजिन यापेक्षा कमीच देणार. शेवटचा आकडा वरच्या हिशेबाने काढलेला आहे, म्हणजे टॉर्क सगळ्यात चांगला असताना हातात येणारे हॉर्स.

• मारुती ८०० आणि ओम्नी, ७९६ सीसी पेट्रोल: कागदावर ३७ हॉर्स, ५००० आरपीएमला. टॉर्क ५९, २५०० आरपीएमला. तिथे मिळतात २१ हॉर्स.

• प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी पेट्रोल: कागदावर ४० हॉर्स. टॉर्क ७१, ३००० आरपीएमला. तिथे ३० हॉर्स.

• अँबेसेडर डिझेल, १४८९ सीसी: कागदावर ३७ हॉर्स, ४००० आरपीएमला. टॉर्क ८५ च्या घरात, २००० आरपीएमला. तिथे २४ हॉर्स.

• इंडिका डिझेल, १४०५ सीसी: कागदावर ५३ हॉर्स. टॉर्क ८५, २५०० आरपीएमला. तिथे ३० हॉर्स.

• टाटा एस, ७०२ सीसी डिझेल: कागदावर १६ हॉर्स, ३२०० आरपीएमला. टॉर्क ३८, २००० आरपीएमला. तिथे ११ हॉर्स.

• बोलेरो डीआय टर्बो, २५२३ सीसी डिझेल: कागदावर ६३ हॉर्स, ३२०० आरपीएमला. टॉर्क १८०, १५०० आरपीएमला. तिथे ३८ हॉर्स.

• पंपाचं पाच हॉर्सचं इंजिन, ५५३ सीसी: ५ हॉर्स, १५०० आरपीएमला. टॉर्क २३. तिथे पाचच्या पाच.

मारुती आणि अँबेसेडर डिझेल शेजारी ठेवून बघा. कागदावर दोघांचे ३७ च. पण मारुतीचे ३७ हवे असतील तर ५००० आरपीएमवर किंचाळायला लावावं लागेल. अँबेसेडर २००० वर हळू फिरत असतानाच २४ देते. आकडा एकच असला तरी जनावर वेगळं आहे. एक शर्यतीचा घोडा आणि दुसरा बैल.

आणि पंपाच्या इंजिनाची खास गोष्ट अशी की त्याचे पाच हॉर्स दिवसभर चालण्यासाठीचे आहेत. विहिरीवर ते सकाळी लावून संध्याकाळी बंद करायचं असतं. गाडीचं तसं नाही. सपाट रस्त्यावर ताशी पन्नास-साठने जाताना मारुतीला दहा हॉर्ससुद्धा लागत नाहीत. पूर्ण जोर लागतो तो ओव्हरटेक करताना किंवा आशीरगडाकडच्या चढासारख्या ठिकाणी, तोही थोडा वेळ. नावेला उतार नसतो. पंखा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाणी कापत असतो. त्यामुळे गाडीचे ३७ आणि पंपाचे ५ हे एका तराजूत तोलायचे आकडेच नाहीत.

नावेला किती लागतात

आता मुख्य गोष्ट. आपल्या बहुतेक नावा १६ ते २० फुटी आहेत, तळ रुंद, ओझं वाहणाऱ्या. अशी नाव पाणी बाजूला सारत चालते. तिच्या लांबीप्रमाणे तिचा एक वेग ठरलेला असतो. १८ फुटी नावेला तो ताशी दहा किलोमीटरच्या आसपास येतो. त्याच्यापुढे पळवायला गेलं की नाक वर उठतं, मागचा भाग बसतो, आणि नाव स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. तिथून पुढे दुप्पट इंजिन लावलं तरी वेग थोडासाच वाढतो. डिझेल मात्र दुप्पट जातं.

पंख्याचाही नियम आहे. पंखा दुप्पट आरपीएमने फिरवायचा तर दुप्पट नाही, आठपट ताकद लागते. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवणं नेहमी फायद्याचं. ओझ्याच्या नावेला हेच लागतं. आणि त्यासाठी कमी आरपीएमला टॉर्क देणारं इंजिन पाहिजे.

१८ फुटी नाव, दोन माणसं, जाळी आणि मासळी एवढं असेल तर तिच्या वेगाला पाच हॉर्स भरपूर होतात. प्रवाहाच्या उलट रोज जायचं असेल, नाव मोठी असेल, तर आठ-दहा धरा. ३७ लागतच नाहीत. मग ६३ चं बोलेरो इंजिन कशाला? ते उचलायलाच चार माणसं लागतात. तेवढं ओझं मागे टाकलं की नावेचा काठ पाण्याच्या जवळ येतो. पावसाळ्यात तापीला पूर असताना काठ पाण्याजवळ असणं म्हणजे काय, हे आम्ही भोई-कहारांच्या घरात सांगायची गरज नाही.

गिअर लावू ना, असं कोणी म्हणेल

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. गिअरने आरपीएम कमी करून टॉर्क वाढवता येतो. मारुती २५०० वर फिरली आणि गिअरने पंखा १००० वर आणला तर टॉर्क अडीचपट होतो. हॉर्स तेवढेच राहतात, थोडे गिअरमध्ये खर्च होतात. म्हणजे हिशेबात मारुतीसुद्धा नाव ओढू शकते. पण तो गिअर आणणार कुठून?

मारुती ८०० आणि इंडिका या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांचं इंजिन आडवं, गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात, आणि शाफ्ट डावी-उजवीकडे निघतात. नावेत शाफ्ट सरळ मागे जायला पाहिजे. तो डबा कापून-जोडून चालवायचा म्हणजे रोजचं दुखणं. ओम्नी, अँबेसेडर, पद्मिनी, टाटा एस, बोलेरो यांचं इंजिन उभं आणि शाफ्ट सरळ मागे. त्यामुळे मारुतीचंच पाहिजे असा हट्ट असेल तर निदान ओम्नीचं बघा. इंजिन तेच आहे, गिअर बॉक्स कामाचा आहे.

तरी दोन गोष्टी राहतातच. पंखा नावेला पुढे ढकलतो, म्हणजे शाफ्ट इंजिनाकडे दाबला जातो. गाडीच्या गिअर बॉक्सला असा दाब सोसायची सवय नाही. मध्ये वेगळं थ्रस्ट बेअरिंग बसवलंच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत गिअर बॉक्स जातो. दुसरं म्हणजे थंडावा. रस्त्यावर समोरून वारा लागतो, नावेत लागत नाही. रेडिएटर ठेवून भागत नाही. नदीचं पाणी सरळ इंजिनात फिरवलं तर पावसाळ्यातला तापीचा गाळ आत बसतो. नावेच्या तळाखालून पाईप फिरवून तेच स्वच्छ पाणी पुन्हापुन्हा आत घ्यायचं, ही पद्धत चांगली. पण पाईप दगडावर आपटणार नाही असा लावायला पाहिजे. आपल्या सभासदाचं इंजिन याच कारणाने गेलं.

पेट्रोलचा धोका वेगळाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, नावेच्या तळाशी साचते. बॅटरीची एक ठिणगी पुरते. आपण नावेत बिडी पितो, स्टोव्ह पेटवतो, पोरांना सोबत नेतो. म्हणून नावेत पेट्रोलचं गाडीचं इंजिन नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवाय पंपाचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभर डिझेल पितं. जुनं कार्बोरेटरवालं पेट्रोल इंजिन तेवढ्याच कामाला त्याहून बरंच जास्त पितं, आणि पेट्रोल महागही आहे.

दुसरीकडे लोकांनी काय केलं

गाडीचं इंजिन नावेत चालतच नाही असं आम्ही म्हणत नाही. अँबेसेडरच्या डिझेल इंजिनाचं मूळ विलायती, बीएमसीचं. तिकडे इंग्लंडच्या कालव्यांवरच्या लांबट नावांत हेच दीड लिटरचं इंजिन वर्षानुवर्षे चाललं. पण त्याला नावेचा गिअर आणि पाण्याचा थंडावा नीट बसवलेला होता. आपल्याकडे अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, सामान मिळायला आता अवघड जातं. थायलंडमध्ये लांब शेपटीच्या नावा आहेत. गाडीचं इंजिन मागे खांबावर ठेवतात, त्याला लांब शाफ्ट आणि टोकाला पंखा. पाणी उथळ आलं की दांडा दाबून पंखा वर घेतात. उन्हाळ्यात आपल्या तापीत जिथे गुडघाभर पाणी उरतं तिथे ही कल्पना आपल्याला जास्त कामाची आहे. पण तिथे हलकं इंजिनच पाहिजे.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण बांगलादेशाचं. तिथे १९८० च्या दशकात शेतीच्या पंपाची छोटी डिझेल इंजिनं गावठी नावांना लागली आणि नदीवरची वाहतूकच बदलून गेली. त्या गरीब लोकांनी गाडीचं नाही, विहिरीवरचं इंजिन निवडलं. कारण ते हळू फिरतं, हँडलने चालू होतं, बॅटरी लागत नाही, आणि गावचा मिस्त्री ते उघडून बसवू शकतो.

आपला जिल्हा केळीचा. वीज आली, मोटारी आल्या, आणि कितीतरी बागायतदारांची ऑइल इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहेत. बुऱ्हाणपूर ते रावेर कुठल्याही गावात पाच ते आठ हॉर्सचं इंजिन शोधलं तर सापडेल. त्याचे मिस्त्री आपल्याकडे आहेत, सामान बाजारात मिळतं. हे इंजिन जड आहे आणि थरथरतं, हे खरं. त्यासाठी खाली सागाच्या किंवा लोखंडी आडव्या पट्ट्या मजबूत टाकाव्या लागतील. पण रात्री नदीच्या मधोमध बॅटरी बसली म्हणून अडकणार नाही.

कागदपत्रांचं

नावेला इंजिन लागलं की ती यांत्रिक नाव होते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात अशा नावांची तपासणी आणि नोंदणी सांगितली आहे. आपण लहान आहोत, आपल्याला कोण विचारतो, असं समजू नका. अपघात झाल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. तसंच भंगारातून इंजिन घेताना इंजिन नंबर आरसी बुकशी जुळवून बघा आणि पावती घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर नाव जाईलच, पोरगंही ठाण्यात बसेल. आणि ऑइल पाण्यात सोडू नका. २०२३ मध्ये हरित न्यायाधिकरणाने भोपाळच्या बड्या तलावातली डिझेलवरची क्रूझ बंद करायला सांगितली. आपण तापीमाईचं पाणी काळं केलं तर उद्या आपल्याही इंजिनांवर बोट येईल.

आमचं म्हणणं

थोडक्यात संस्थेचं मत असं आहे. २० फुटांपर्यंतच्या नावेला पाच ते आठ हॉर्सचं, १५०० आरपीएमचं पंपाचं डिझेल इंजिन घ्या. नाव मोठी असेल, हतनूरच्या फुगवट्यासारख्या किंवा इंदिरा सागरासारख्या मोठ्या पाण्यावर जायचं असेल, तर टाटा एसचं दोन सिलिंडरचं इंजिन गिअर बॉक्ससकट बघा, थ्रस्ट बेअरिंग आणि थंडाव्याचा खर्च धरून. पेट्रोलचं इंजिन नको. बोलेरोचं आपल्या नावांना नको.

काही तरुण सभासद म्हणतील, सचिव लोक आम्हाला पुढे जाऊ देत नाहीत. तसं नाही. वल्ही मारून खांदे गेलेली माणसं आमच्याही घरात आहेत. इंजिन यावं असं आम्हालाही वाटतं. पण आईची पोत गहाण ठेवून घेतलेलं इंजिन तीन महिन्यांत भंगारात जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून विनंती अशी की पैसे देण्याआधी इंजिनाचं नाव, सीसी, टॉर्क आणि तो किती आरपीएमला मिळतो हे कागदावर लिहून आणा. नावेची लांबी आणि वजनाचा अंदाज आणा. ऑफिसात बसून सोबत हिशेब करू. मागच्या वेळी आम्ही नुसती मान डोलावली होती. या वेळी कॅल्क्युलेटर घेऊन बसू.

बंदी संपेपर्यंत वेळ आहे. घाई करू नका.

आपली संस्था,
सचिव आणि कमिटी, सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर